विश्वकिरणांचा पत्ता सांगणारा जोडतारा

सदर : खिडकीतलं आभाळ



आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, पृथ्वीजवळून धोकादायक कॉस्मिक किरण जाणार आहेत, फोन अंगाजवळ घेऊन झोपू नका, सगळ्यांना कळवा. अशा आशयाचा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आलाच असेल. दर वर्षा-दोन वर्षांनी तो नव्याने फिरतो. काकांनी पाठवलेला असतो, आत्या लगेच हात जोडलेली इमोजी टाकते, आणि घरातलं एखादं शाळकरी पोर विचारतं, "कॉस्मिक किरण म्हणजे काय गं आई?"

मेसेज खोटा आहे, पण पोराचा प्रश्न शंभर नंबरी आहे. आजचं सदर त्या प्रश्नासाठी.

आधी मेसेजचा निकाल लावू. कॉस्मिक किरण, म्हणजेच मराठीत विश्वकिरण, रात्री साडेबाराची वाट पाहत नाहीत. ते दिवसरात्र, बारा महिने येतच असतात. तुमचा तळहात आत्ता समोर धरा. विश्वकिरण वरच्या हवेवर आदळून जे कण तयार होतात, त्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. त्यातला एखाद-दुसरा दर सेकंदाला तुमच्या तळहातातून आरपार जातो आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या हातातूनही जात होता. मोबाइल बंद ठेवून त्यात काडीचाही फरक पडत नाही.

हे कण येतात कुठून, हा प्रश्न मात्र शंभराहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांना छळतो आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा धागा अलीकडे सापडलाय, तोही एका विचित्र जोडताऱ्याकडून.

पत्ता नसलेलं पाकीट

७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हायड्रोजनच्या फुग्यात बसून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गेले. सोबत किरणोत्सर्ग मोजायची उपकरणं होती. तोपर्यंतची समजूत अशी की हा किरणोत्सर्ग जमिनीतल्या खडकांमधून येतो, म्हणजे जितकं वर जावं तितका तो कमी व्हायला हवा. हेसना उलटं दिसलं. वर जाताना तो वाढत गेला. याचा अर्थ काहीतरी आकाशातून येत होतं. या शोधासाठी त्यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे कळलं की विश्वकिरण हे मुळात 'किरण' नाहीतच. ते कण आहेत. बहुतेक सगळे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, आणि थोडे जड अणूंचे गाभे. त्यातल्या काहींची ऊर्जा अशी की ऐकून विश्वास बसू नये. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरचं वर्तुळाकार यंत्र आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. माणसाने बांधलेलं हे सर्वांत ताकदवान कणयंत्र. ते प्रोटॉनला जेवढी ऊर्जा देतं, त्याच्या दीडशेपट ऊर्जेचे प्रोटॉन आपल्याच आकाशगंगेत कुठेतरी तयार होतात आणि इथे येऊन पोहोचतात.

कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे? अडचण इथेच आहे. प्रोटॉनवर विद्युतभार असतो आणि आकाशगंगेत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र पसरलेलं आहे. भार असलेला कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. हजारो वर्षं वळणं घेत घेत तो आपल्याकडे येतो, तेव्हा तो ज्या दिशेने आला त्या दिशेला त्याचं घर असेलच असं नाही. पाकीट मिळालं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता पुसलेला.

मग पत्ता कसा शोधायचा? त्यासाठी गॅमा किरण कामाला येतात.

सरळ चालणारा साक्षीदार

गॅमा किरण हा प्रकाशाचाच प्रकार आहे. रेडिओलहरी, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, दवाखान्यातले क्ष-किरण हे सगळे एकाच कुटुंबातले, आणि गॅमा किरण त्या कुटुंबातले सर्वांत ऊर्जावान. प्रकाशावर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही. जिथून निघाला तिथून तो सरळ येतो.

जिथे कणांना प्रचंड ऊर्जा मिळते, तिथे गॅमा किरणही तयार होतात. ते दोन मुख्य रीतींनी होतात.

पहिली रीत इलेक्ट्रॉनची. कॅरममध्ये जोरात मारलेला स्ट्रायकर शांत पडलेल्या सोंगटीला उडवतो, तसं वेगवान इलेक्ट्रॉन साध्यासुध्या प्रकाशकणाला धडक देतो आणि स्वतःची ऊर्जा त्याला देऊन त्याचा गॅमा किरण करतो.

दुसरी रीत प्रोटॉनची. वेगवान प्रोटॉन वायूच्या ढगात घुसला की तिथल्या अणूंवर आदळतो. त्या धडकेतून पायॉन नावाचे अल्पायुषी कण जन्मतात आणि त्यातले काही लगेच फुटून गॅमा किरण होतात.

म्हणजे गॅमा किरण कुठून येतायत ते पाहिलं की कणांचा कारखाना सापडला. आणि ते इलेक्ट्रॉनमुळे आले की प्रोटॉनमुळे हे ओळखता आलं, तर विश्वकिरणांचं घरही सापडलं.

अनेक दशकं संशयाची सुई एकाच ठिकाणी होती : सुपरनोव्हा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा मृत्यूच्या वेळी होणारा स्फोट. त्या स्फोटाच्या धक्क्यात कण वेगवान होतात याचे पुरावेही मिळाले. पण आकाशगंगेतल्या सर्वांत ताकदवान कणांपर्यंत मजल मारताना बहुतेक सुपरनोव्हा कमी पडताना दिसले. मग दुसरं कोण? आणि इथे आपल्या गोष्टीत जोडतारा येतो.

येतोही आणि जातोही

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन्सन आणि सँड्युलिक या दोन खगोलशास्त्रज्ञांनी हायड्रोजनचा विशेष प्रकाश देणाऱ्या ताऱ्यांची एक यादी छापली. त्यात ४३३व्या क्रमांकावर गरुड तारकासमूहातला एक अंधूक तारा होता. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि तो क्रमांक मिळून त्याचं नाव पडलं एसएस ४३३. नाव अगदी रेशनकार्डाच्या नंबरासारखं, पण तारा मुलखावेगळा निघाला.

१९७८ मध्ये ब्रूस मार्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताऱ्याचा वर्णपट बारकाईने तपासायला घेतला. वर्णपट म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहणं. त्यात हायड्रोजनच्या रेषा ठरलेल्या जागी दिसतात. इथे त्या ठरलेल्या जागी होत्याच, पण शिवाय एक जोडी निळ्या बाजूला सरकलेली आणि एक जोडी लाल बाजूला सरकलेली होती. वर या जागा रात्रीगणिक बदलत होत्या.

स्टेशनवर उभं राहून कधी लक्ष दिलंय? गाडी येताना हॉर्न चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचंही तसंच. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो आणि दूर जाणाऱ्याचा लालकडे. म्हणजे हा तारा एकाच वेळी आपल्याकडे येत होता आणि आपल्यापासून दूरही जात होता! त्या काळी वर्तमानपत्रांतही या 'येणाऱ्या-जाणाऱ्या' ताऱ्याची चर्चा झाली.

१९७९ मध्ये कोडं सुटलं. एसएस ४३३ हा एक तारा नाही, जोडी आहे. एक मोठा, फुगलेला तारा, आणि त्याच्याशेजारी एक अतिशय घट्ट, जड वस्तू, बहुधा कृष्णविवर. दोघं साधारण १३ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. कृष्णविवर शेजाऱ्याचा वायू ओढून घेतं. किती? वर्षाला सूर्याच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. ऐकायला कमी वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला तीसेक पृथ्व्या होतात.

हा वायू सरळ आत पडत नाही. न्हाणीघराच्या मोरीत पाणी गोल फिरत जातं, तशी कृष्णविवराभोवती वायूची फिरती तबकडी तयार होते. ताटात वाढलेलं सगळं पोटात मावत नाही, तसं इथेही होतं. कृष्णविवराला गिळता येईल त्यापेक्षा वायू कितीतरी जास्त येतो. त्यातला काही तबकडीच्या वर आणि खाली, अशा दोन उलट दिशांना झोतांच्या रूपात फेकला जातो. एक झोत आपल्या बाजूला कलला की त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, दुसरा आपल्यापासून दूर जाणारा म्हणून लालकडे.

या झोतांचा वेग आहे प्रकाशाच्या वेगाच्या २६ टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे ७८,००० किलोमीटर. या वेगाने पृथ्वीवरून चंद्र गाठायला जेमतेम पाच सेकंद पुरतील. शिवाय झोत एका दिशेला स्थिर नाहीत. भोवऱ्याचा वेग मंदावला की त्याची आर डगमगत गोल फिरते ना, तसे हे झोत सुमारे १६२ दिवसांत एक डगमगती फेरी घेतात. रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं तर झोतांनी मागे सोडलेली वाट स्प्रिंगसारखी गोल गोल दिसते.

अशा झोतवाल्या जोड्यांना 'मायक्रोक्वेसार' म्हणतात. दूरच्या दीर्घिकांच्या मध्यभागी लाखो-कोट्यवधी सूर्यांएवढी कृष्णविवरं असेच झोत सोडतात. त्यांना क्वेसार म्हणतात. आपल्या आकाशगंगेतली ही त्यांची छोटी आवृत्ती. झोतावर काय घडतं ते जवळून पाहायची सोय आपल्याच अंगणात झाली म्हणा ना.

भाभा, कचऱ्याचा डबा आणि निळा चमकारा

आता एक अडचण. अंतराळातून आलेले गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. हवा त्यांना अडवते. आपल्या तब्येतीसाठी ही चांगली गोष्ट, पण मग त्यांना पकडायचं कसं?

गॅमा किरण वरच्या हवेत शिरला की त्यातून एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन जन्मतो. ते पुढे जाताना नवे गॅमा किरण सोडतात, त्यातून आणखी जोड्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार करत कणांचा पाऊस खाली येतो. हा पाऊस कसा वाढतो याचं गणित १९३७ मध्ये दोघांनी मांडलं : वॉल्टर हाइटलर आणि आपले होमी भाभा. मुंबईत जन्मलेले भाभा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते. अणुऊर्जेशी त्यांचं नाव जोडलं जातं, पण त्यांचं सुरुवातीचं मोठं काम विश्वकिरणांवरचं आहे.

या पावसातले कण इतके वेगवान असतात की हवेत प्रकाश ज्या वेगाने जातो, त्यालाही ते मागे टाकतात. तेव्हा हवेत निळसर चमकारा उमटतो. त्याला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. तो सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो, डोळ्यांना कळतही नाही. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये गॅल्ब्रेथ आणि जेली या दोघांनी चक्क एका कचऱ्याच्या डब्यात छोटा आरसा आणि प्रकाश मोजायचं उपकरण बसवून तो रात्रीच्या आकाशात पहिल्यांदा पकडला. आजच्या अवाढव्य गॅमा दुर्बिणींची ती पणजीच.

दुसरी युक्ती म्हणजे पाऊस जमिनीपर्यंत येऊ द्यायचा आणि उंच डोंगरावर त्यातले कणच मोजायचे. मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रा पर्वताच्या उतारावर, सुमारे ४,१०० मीटर उंचीवर, 'हॉक' नावाची वेधशाळा हेच करते. तिथे तीनशे मोठ्या टाक्या आहेत. एकेका टाकीत जवळपास १ लाख ९० हजार लिटर शुद्ध पाणी. टाकीतून कण गेला की पाण्यात तोच निळा चमकारा उमटतो आणि तळाशी बसवलेली उपकरणं तो टिपतात.

एकदा हात पोळले होते

मायक्रोक्वेसारकडून गॅमा किरण येतात, हा दावा नवा नाही. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या गटाने जाहीर केलं की हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-३ या जोडताऱ्याकडून अतिशय ताकदवान गॅमा किरण येताना दिसले. जगभर खळबळ उडाली. ठिकठिकाणी नवे प्रयोग उभे राहिले. पण पुढे त्याहून कितीतरी मोठ्या आणि अचूक प्रयोगांनी वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा त्यांना तसं काहीच दिसलं नाही. उत्साह ओसरला.

तरी ती मेहनत वाया गेली नाही. त्या निमित्ताने उपकरणं सुधारली, आणि 'दिसलं' म्हणायच्या आधी किती खात्री हवी याचे नियमही कडक झाले.

मग आली २००९ची बातमी. याच सिग्नस एक्स-३ कडून, तुलनेने कमी ऊर्जेचे पण पक्के गॅमा किरण दोन उपग्रहांनी टिपले. एक अमेरिकेचा फर्मी आणि दुसरा इटलीचा अजिले. हा अजिले २३ एप्रिल २००७ रोजी आपल्या श्रीहरिकोट्याहून, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवर बसून अंतराळात गेला होता. जोडताऱ्यांच्या गॅमा किरणांच्या गोष्टीत आपलाही असा खारीचा वाटा आहे. खारीचा म्हणते, पण रॉकेटाचा!

ऐरणीजवळची ठिणगी

आता परत एसएस ४३३ कडे. २०१८ मध्ये हॉकने जवळपास एक हजार दिवसांची माहिती तपासून जाहीर केलं की या जोडताऱ्याच्या दोन्ही झोतांच्या टोकांकडून किमान २५ टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण येतायत. टेरा म्हणजे एक लाख कोटी. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. म्हणजे हे किरण त्याच्या सुमारे दहा लाख कोटीपट ताकदीचे.

गंमत अशी की ते कृष्णविवराच्या जवळून येत नव्हते. झोत निघाल्यावर थोड्या अंतरापर्यंत दिसतात, मग दिसेनासे होतात आणि सुमारे ७५ प्रकाशवर्षं पुढे क्ष-किरणांत अचानक पुन्हा उजळतात. गॅमा किरण तिकडून येत होते. तिथे असं काय आहे?

उत्तर मिळालं जानेवारी २०२४ मध्ये. आफ्रिकेतल्या नामिबियात 'हेस' नावाच्या पाच चेरेंकोव्ह दुर्बिणी आहेत. हो, फुग्यात बसून गेलेल्या त्याच हेस यांच्या स्मरणार्थ हे नाव. या दुर्बिणींनी दोनशेहून जास्त तास एसएस ४३३चं निरीक्षण केलं, आणि कमी, मध्यम व जास्त ऊर्जेचे गॅमा किरण नेमके कुठून येतायत याचे वेगवेगळे नकाशे काढले.

लोहाराची भट्टी डोळ्यांसमोर आणा. तापलेल्या लोखंडावर घाव पडला की ठिणग्या उडतात. सर्वांत तेजस्वी ठिणगी ऐरणीजवळच दिसते. लांब जाता जाता ती विझत जाते. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तसेच असतात. ते आपली ऊर्जा भराभर उधळतात, म्हणून जन्मस्थानापासून फार लांब जाऊ शकत नाहीत. नकाशात सर्वांत जास्त ऊर्जेचे किरण झोत जिथे पुन्हा उजळतो अगदी तिथूनच येताना दिसले आणि कमी ऊर्जेचे त्याच्या पुढच्या भागातून. म्हणजे ऐरण सापडली! वेगाने आलेला झोत तिथे अचानक मंदावतो आणि धक्क्याची एक भिंत तयार होते.

अशा भिंतीपाशी कणांना ऊर्जा मिळते कशी? याची मूळ कल्पना १९४९ मध्ये एन्रिको फर्मी यांनी मांडली आणि पुढे इतरांनी ती विकसित केली. समजा, दोन बॅट एकमेकींकडे सरकत येतायत आणि मध्ये चेंडू अडकलाय. प्रत्येक टोल्याला चेंडूचा वेग थोडा वाढतो. धक्क्याच्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असाच कण टोलवला जातो. एकेका टोल्यात थोडंच मिळतं, पण थेंबे थेंबे तळं साचतं.

इलेक्ट्रॉन की प्रोटॉन?

इथपर्यंत कारखाना सापडला, पण तो इलेक्ट्रॉनचा. विश्वकिरण तर बहुतेक प्रोटॉन असतात. मग प्रोटॉनचं काय?

चीनच्या सिचुआन प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर 'लासो' ही वेधशाळा आहे. १.३ चौरस किलोमीटरवर पसरलेली हजारो उपकरणं तिथे कणांचा पाऊस मोजतात. २०२४ मध्ये लासोच्या गटाने पाच मायक्रोक्वेसारकडून गॅमा किरण आल्याचं मांडलं. एसएस ४३३ त्यातला एक. तिथे १०० टेराच्या वरचे गॅमा किरण झोतांच्या टोकांशी न जुळता शेजारच्या वायूच्या एका मोठ्या ढगाशी जुळले. आठवतं ना, प्रोटॉन वायूवर आदळला की गॅमा किरण होतात? हा ढग म्हणजे प्रोटॉनचा माग देणारी खूण असावी.

धनु तारकासमूहातल्या व्ही ४६४१ या दुसऱ्या जोडीकडून तर ८०० टेरापर्यंतचे गॅमा किरण आले. याच जोडीकडून येणारे २०० टेराच्या वरचे किरण हॉकनेही २०२४ मध्येच जाहीर केले होते. असे किरण प्रोटॉनमुळे झाले असतील, तर ते प्रोटॉन त्याहून साधारण दहापट ऊर्जेचे असायला हवेत. म्हणजे जिनिव्हाच्या यंत्रातल्या प्रोटॉनच्या हजारपटींच्या घरात.

म्हणून या शोधाचं महत्त्व मोठं. शंभर वर्षांपूर्वी फुग्यात सापडलेल्या प्रश्नाचं उत्तर 'फक्त सुपरनोव्हा' असं न राहता 'झोतवाले जोडतारेही' असं होऊ लागलंय. आकाशगंगेत अशा मोजक्याच जोड्या माहीत आहेत, पण एकेकीची ताकद इतकी की सर्वांत ऊर्जावान कणांमध्ये त्यांचा वाटा मोठा असू शकतो. किती मोठा, याची मोजणी सुरू आहे.

आणि एक कोडं अजून तसंच आहे. २०२० मध्ये फर्मी उपग्रहाच्या दहाहून जास्त वर्षांच्या नोंदी तपासताना दिसलं की एसएस ४३३ पासून सुमारे १०० प्रकाशवर्षं दूर असलेला एक वायूचा ढग गॅमा किरणांत कमी-जास्त होतो, आणि त्याची लय १६२ दिवसांची आहे! झोताच्या डगमगत्या फेरीचाच हा ताल. पण ढग झोताच्या वाटेवर नाही. मग इतक्या लांब, न चुकता ताल पोहोचतो कसा? यावर अजून एकमत नाही. घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांनो, तुमच्यासाठी काम शिल्लक आहे.

लडाखमधली 'मेस'

हे काम करायला परदेशीच जावं लागेल असंही नाही. लडाखमधल्या हान्ले इथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, मेस नावाची दुर्बीण उभी आहे. ही डाळ-भात-पोळीची मेस नव्हे बरं का! २१ मीटर व्यासाची ही चेरेंकोव्ह दुर्बीण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातल्या इतर संस्था आणि उद्योगांच्या मदतीने बांधली. तिचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. या प्रकारची आशियातली सर्वांत मोठी आणि जगात सर्वांत उंचावरची दुर्बीण ती. कणांच्या पावसाचं गणित मांडणाऱ्या भाभांच्या नावाची संस्था आज तोच पाऊस बघणारी दुर्बीण चालवते. तिकडे उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग वर्षानुवर्षं विश्वकिरण मोजतो आहे.

आज गच्चीवर जा

आता घरबसल्या करण्यासारखं. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव, हैदराबाद की नागपूर, हे सगळ्यांना जमेल.

पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या मध्यात साडेसात-आठच्या सुमाराला गच्चीवर जा. डोक्यावर, किंचित पश्चिमेकडे, तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसेल : अभिजित, हंसाच्या शेपटीचा डेनेब आणि श्रवण. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा तारा आहे. कावड घेतलेला श्रावणबाळ आणि पारड्यांत आई-वडील, अशी आजी-आजोबांनी दाखवलेली ओळख ती हीच.

आता हात पूर्ण लांब करून मूठ धरा. श्रवणापासून साधारण एक मूठ पश्चिमेला जा. तिथे एसएस ४३३ आहे. साध्या डोळ्यांना दिसणार नाही, तो फार अंधूक आहे. पण जागा हीच. त्याच्याभोवती झोतांनी ताणलेला वायूचा फुगा आहे. तो डोळ्यांना दिसला असता, तर आकाशात ओळीने मांडलेल्या चार पूर्णचंद्रांएवढा लांब दिसला असता.

घरात द्विनेत्री असेल आणि आकाश काळंभोर असेल, तर हंसाच्या मानेत पाहा. तिथल्या ईटा नावाच्या ताऱ्याला लागूनच सिग्नस एक्स-१ जोडीतला मोठा तारा अंधूक ठिपक्यासारखा दिसतो. लासोच्या पाचांतला हाही एक. त्याच्या शेजारी सूर्याच्या सुमारे २१ पट वजनाचं कृष्णविवर आहे. ते दिसत नाही, पण त्याचा जोडीदार तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल.

एसएस ४३३चा जो प्रकाश आज आपल्याकडे पोहोचतो, तो निघाला सुमारे १८,००० वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर हिमयुग होतं आणि शेतीचा पत्ता नव्हता. इतक्या लांबच्या झोतांपासून आपल्याला काही धोका नाही, आणि मधली हवा तर आपली राखण करतेच. तेव्हा फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला, तर काकांवर चिडू नका. ऑक्टोबरमध्ये त्यांनाच गच्चीवर घेऊन जा आणि श्रवणाच्या पश्चिमेची ती एक मूठ दाखवा.

भेटू पुढच्या वेळी. तोवर आभाळ पाहत राहा!